संशोधनाचे वजन कोणत्या तराजूत?



कागलसारख्या गावात वाढणाऱ्या मुलाला मापे वेगळी शिकवावी लागत नाहीत. ऊस टनावर जातो, गुळाचे रवे किलोवर, जमीन गुंठ्यावर आणि तालमीतला पहिलवान वजनगटावर. सकाळी किटली घेऊन दूध संस्थेत गेलात, तर तेथे आणखी एक गोष्ट दिसते. दूध नुसते लिटरने मोजून भागत नाही. त्यातला थोडा नमुना काढून त्याचे ‘फॅट’ पाहतात. दोघांच्या किटल्या सारख्याच भरलेल्या असल्या, तरी दोघांना पैसे सारखे मिळतातच असे नाही.

आता एक प्रश्न विचारतो. शास्त्रज्ञाचे काम कशात मोजायचे? लिटरमध्ये की फॅटमध्ये?

हा प्रश्न रिकामपणी सुचलेला नाही, बरे का! कागलहून कोल्हापूरला निघालात की गोकुळ शिरगाव आणि उजळाईवाडी मागे पडते आणि मग शिवाजी विद्यापीठाचा माळ येतो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी हे विद्यापीठ सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांत शेकडो तरुण-तरुणी संशोधन करतात. त्यांतल्या कोणाला नोकरी द्यायची, कोणाला नवे यंत्र घ्यायला पैसे द्यायचे, कोणाला परदेशी पाठवायचे, हे कोणीतरी ठरवायचे असते. जागा एक आणि अर्ज चाळीस! ठरवणाऱ्याला प्रत्येकाच्या विषयातले सगळे कळतेच असे नाही. मग तो एखादे माप शोधतो. ते माप चुकले, तर एखाद्या प्रामाणिक संशोधकाचे आयुष्य वाया जाऊ शकते. उद्या तुमच्यापैकीच कोणी त्या चाळीस जणांत असेल. म्हणून हा तराजू कसा बनला आणि तो कोठे फसतो, हे आजच पाहून ठेवू.

निबंध मोजायचे की निबंधाचा उपयोग?

शास्त्रज्ञाने नवे काही शोधले की तो ते लिहून काढतो. प्रयोग कसा केला, काय मोजले, काय आढळले आणि त्यावरून काय निष्कर्ष निघतो, हे सारे त्यात असते. याला शोधनिबंध म्हणतात. निबंध एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे जातो. त्या विषयातले दुसरे जाणकार तो तपासतात, शंका काढतात आणि समाधान झाले तर तो छापला जातो.

सर्वांत सोपे माप म्हणजे असे निबंध मोजणे. एकाचे दहा, दुसऱ्याचे तीस, म्हणून दुसरा मोठा! पण हे नुसत्या लिटरवर दूध घेण्यासारखे झाले. तीस निबंध लिहिले आणि एकही कोणाच्या उपयोगी पडला नाही, असे होऊ शकते.

आपल्या कागलचेच उदाहरण घेऊ. राजर्षी शाहू महाराज १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. त्यांनी किती हुकूम काढले, हे मोजून कोणी त्यांचे मोठेपण ठरवते काय? १९०२ साली त्यांनी आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. तो एकच हुकूम! पण पुढच्या पिढ्यांनी त्याचा आधार घेतला, त्याचा दाखला दिला आणि त्यावर पुढची इमारत उभी केली. कामाचे मोठेपण पुढच्या लोकांनी त्याचा किती आधार घेतला, यात दिसते. विज्ञानातही तसेच आहे.

मागची वंशावळ पुढे उलटली

कोणताही शोधनिबंध उघडा. शेवटी एक यादी असते. ‘हे काम करताना मी अमक्याचा हा निबंध, तमक्याचा तो निबंध वाचला, त्यातली पद्धत घेतली, त्यातला आकडा वापरला,’ असे लेखक तेथे कबूल करतो. ही संदर्भसूची. एका निबंधाने दुसऱ्याचा असा निर्देश केला, म्हणजे एक ‘संदर्भोल्लेख’ झाला. आपण त्याला थोडक्यात ‘उल्लेख’ म्हणू.

संदर्भसूची ही निबंधाची वंशावळ असते. तिच्यातून बाप, आजा, पणजा कळतो. पण मुले-नातवंडे कशी कळणार? १९५० साली छापलेल्या निबंधाला १९६० साली कोणी त्याचा उपयोग केला, हे ठाऊक असणे शक्यच नाही. ते शोधायचे, तर नंतर निघालेली सगळी नियतकालिके चाळावी लागतील!

ही अडचण वकिलांना विज्ञानाच्या आधीच भेडसावत होती. न्यायालयात जुन्या निकालाचा दाखला देण्यापूर्वी तो निकाल पुढे कोणी फिरवला तर नाही ना, हे पाहावे लागते. अमेरिकेत १८७३ पासून फ्रँक शेपर्ड यांनी यासाठी सूची काढण्यास सुरुवात केली. प्रत्येक जुन्या निकालापुढे, त्याचा उल्लेख करणाऱ्या नव्या निकालांची नोंद. यूजीन गारफिल्ड नावाच्या तरुणाने ही युक्ती पाहिली आणि १९५५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात लेख लिहून सुचवले, की विज्ञानासाठीही असेच करावे.

नुसते सुचवून ते थांबले नाहीत. १९६४ साली त्यांनी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ हा ग्रंथ पाच खंडांत काढला. त्यात १९६१ या एकाच वर्षातली ६१३ नियतकालिके घेतली होती आणि उल्लेख भरले सुमारे १४ लाख! आता हे काम संगणक करतो. एखाद्या निबंधाचे नाव टाका, आजपर्यंत तो कोणी कोणी वापरला ती यादी क्षणात समोर येते.

गारफिल्ड यांचा मूळ हेतू लक्षात ठेवा. त्यांना शास्त्रज्ञांची परीक्षा घ्यायची नव्हती, वाचकाला उपयोगी निबंध शोधून द्यायचे होते. पण मोजता येणारी वस्तू हाती आली की माणूस ती मोजल्यावाचून राहत नाही!

कोल्हापूरची काचपट्टी

उल्लेख कसे वाढतात, याचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे.

सौरघट बनवायला पदार्थाचे फार पातळ थर लागतात. केसाच्या जाडीचाही शंभरावा भाग घेतला, तरी हा थर त्याहून पातळ भरेल. असा थर देण्याची एक रीत म्हणजे निर्वात पात्रात पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवणे. त्याला महागडी यंत्रे लागतात. दुसरी रीत चंचुपात्रातली आहे. कॅडमियमच्या क्षाराचे द्रावण घेतात, त्यात अमोनिया आणि थायोयुरिया मिसळतात, काचपट्टी उभी बुडवून ठेवतात आणि द्रावण बेताने तापवतात. अमोनिया कॅडमियमच्या आयनांना धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. थायोयुरियातून गंधकाचे आयन सावकाश सुटतात. दोघांची गाठ पडते आणि काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा, पारदर्शक थर चढतो. सारे गुपित त्या ‘सावकाश’ या शब्दात आहे. घाई झाली तर थर बसत नाही, तळाशी नुसता गाळ साचतो. (कॅडमियम विषारी आहे. हा प्रयोग घरी करून पाहायचा नाही!)

शिवाजी विद्यापीठात डॉ. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या व अशा रासायनिक रीतींवर वर्षानुवर्षे काम केले. २००० साली आर. एस. माने आणि सी. डी. लोखंडे यांचा एक ३१ पानी लेख ‘मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स’ या नियतकालिकात आला. कोणता थर, कोणते द्रावण, किती तापमान, किती वेळ, याचा जगभरच्या कामावरून घेतलेला आढावा त्यात एकत्र होता. त्या लेखाचा उल्लेख हजाराहून अधिक निबंधांत झाला आहे.

असे का झाले असेल? विचार करा. ज्या प्रयोगशाळेत लाखो रुपयांचे निर्वात यंत्र नाही, पण चंचुपात्र, तापमापक आणि चिकाटी आहे, अशा जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला हा लेख हवा होता. आपली अडचण सोडवताना कोल्हापूरने इतरांचीही अडचण सोडवली. उल्लेखांच्या आकड्यामागचा खरा अर्थ हा आहे.

पण येथेच एक सावधगिरीही शिकून घ्या. हा आढावा-लेख होता. आढावा म्हणजे चौकातला मैलाचा दगड. जाणारा-येणारा तो पाहतोच. एखाद्या नव्या, मूळ प्रयोगाच्या निबंधाला बहुधा इतके उल्लेख मिळत नाहीत. म्हणून आढाव्याचे उल्लेख आणि मूळ शोधाचे उल्लेख एकाच पारड्यात टाकू नयेत.

उंचीप्रमाणे रांग लावा

आता थोडे गणित करू. दोन शास्त्रज्ञ घ्या, अर्थात कल्पनेतले. दोघांचेही निबंध नऊ. प्रत्येक निबंधाला मिळालेले उल्लेख असे:

पहिला: ४०, २२, १५, ९, ७, ६, ३, १, ०

दुसरा: ९५, ३, २, १, १, १, ०, ०, ०

बेरीज करून पाहा. दोघांचीही १०३ येते. निबंध सारखे, उल्लेख सारखे. मग दोघे सारखेच काय? पहिल्याचे बरेच निबंध उपयोगी पडलेले दिसतात. दुसऱ्याचा एकच गाजला.

२००५ साली जॉर्ज हिर्श या कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञाने यावर एक तोड काढली. कवायतीच्या तासाला आपण उंचीप्रमाणे रांग लावतो ना, तशी निबंधांची रांग लावायची. सर्वांत जास्त उल्लेखांचा निबंध पहिला. मग क्रमांक मोजत जायचे आणि विचारायचे, ‘या निबंधाचे उल्लेख त्याच्या क्रमांकाइतके तरी आहेत काय?’ जेथे शेवटचे ‘होय’ मिळेल, तो क्रमांक म्हणजे एच-निर्देशांक.

पहिल्या शास्त्रज्ञाचा सहावा निबंध पाहा. उल्लेख ६. होय! सातव्याचे उल्लेख ३. नाही. म्हणून त्याचा निर्देशांक ६. दुसऱ्याचा दुसरा निबंध, उल्लेख ३. होय. तिसरा, उल्लेख २. नाही. म्हणून निर्देशांक फक्त २.

ही युक्ती सुटसुटीत आहे. नुसते पुष्कळ निबंध लिहून निर्देशांक वाढत नाही आणि एकाच निबंधाच्या जोरावरही तो फार चढत नाही. त्यात एक गोम मात्र आहे. हा आकडा वयाबरोबर वाढतो, पण कमी कधीच होत नाही. काल संशोधन सुरू केलेल्या मुलीचा आकडा लहान असणारच. आणखी एक. गणितात माणसे थोडी आणि निबंधही थोडे, तर वैद्यकात दोन्ही पुष्कळ. म्हणून गणितज्ञाचा आकडा वैद्यकीय संशोधकाच्या आकड्याशी लावून पाहणे म्हणजे म्हशीच्या दुधाचे फॅट गाईच्या दुधाला लावण्यासारखे आहे!

आणि त्या दुसऱ्या शास्त्रज्ञाचे काय? ज्याचा एकच निबंध ९५ वेळा उपयोगी पडला, तो कमी कसा? हा प्रश्न मनात ठेवा. उत्तर थोड्या वेळाने पाहू.

उल्लेख म्हणजे शाबासकी नव्हे

१९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले जयंत विष्णू नारळीकर तुम्हा सर्वांना परिचित आहेत. केंब्रिजमध्ये त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केले आणि १९६४ साली दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. ‘हॉईल-नारळीकर सिद्धांत’ या नावाने तो ओळखला जातो.

त्याच केंब्रिजमध्ये स्टीफन हॉकिंग नावाचा एक विद्यार्थी होता. प्रसरण पावणाऱ्या विश्वात या सिद्धांताची गणिते जुळत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. १९६५ साली त्याने त्यावर निबंध लिहिला आणि आपल्या प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात या सिद्धांताची चिकित्सा केली. मोजणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हेही उल्लेखच! यंत्राला ‘बरोबर आहे’ आणि ‘चूक आहे’ यांतला फरक कळत नाही.

मग असे उल्लेख निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. हॉकिंग यांना त्या सिद्धांताशी झुंजावेसे वाटले, हेही त्या कामाचे वजनच आहे. खासबागेत कोणाशी लढायचे, हे पहिलवान विचार करून ठरवतो. तोंडात मारील असा प्रतिस्पर्धी असेल, तरच त्या कुस्तीला रंग चढतो. पण हे समजायला निबंध वाचावा लागतो. आकडा पाहून ते कळत नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण ऐका. जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध कोणता असेल? आइन्स्टाइनचा? नव्हे. ऑलिव्हर लाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली लिहिलेला, द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याच्या रीतीवरचा निबंध! त्याचे उल्लेख ३ लाखांवर गेले आहेत. जीवरसायनाच्या प्रयोगशाळांत ती रीत रोज लागत असे, म्हणून प्रत्येकाने तिचा उल्लेख केला. ही रीत उपयोगी खरीच. पण विश्वाकडे पाहण्याची आपली दृष्टी तिने बदलली, असे कोणी म्हणणार नाही. उलट न्यूटनच्या नियमांचा उल्लेख आज कोणी संदर्भसूचीत करत नाही. ते तुमच्या पाठ्यपुस्तकातच जाऊन बसले आहेत. शोध फार मोठा झाला की त्याचा उल्लेख होणेच थांबते!

उशिरा फळ देणारी झाडे

आता त्या मघाच्या प्रश्नाकडे वळू.

जयंतरावांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर हेही मूळचे कोल्हापूरचे. त्यांचा जन्म १९०८ चा. ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवत. १९४२ साली प्र. चु. वैद्य नावाचे तरुण गणिती त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करायला तेथे गेले. तारा तेज बाहेर टाकत असेल, तर त्याच्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण आइन्स्टाइनच्या समीकरणांनुसार कसे असेल, याचे उत्तर वैद्यांनी काढले आणि १९४३ साली ते ‘करंट सायन्स’मध्ये छापले. त्या वेळी त्याचा उपयोग कोणाला दिसला नाही. साधारण ताऱ्याच्या बाबतीत हा परिणाम नगण्य असतो. पुढे १९६३ साली क्वेसार या अतिशय तेजस्वी वस्तूंचे गूढ पुढे आले आणि प्रचंड ऊर्जा बाहेर टाकणाऱ्या वस्तूंचे गणित सर्वांना हवे झाले. तेव्हा वीस वर्षे पडून राहिलेले ‘वैद्य मेट्रिक’ लोकांनी उघडले. १९५० साली कोणी वैद्यांचे उल्लेख मोजून निकाल दिला असता तर?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूला १९०५ साली जन्मले. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत ते शिक्षक होते. त्यांच्याजवळ ना प्रयोगशाळा, ना विद्यापीठाचे पद. त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत शोधली. शाहू महाराजांचे जन्मवर्षच घेऊन पाहू: १८७४. अंक उतरत्या क्रमाने लावून जी संख्या होईल, तिच्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि पुनःपुन्हा तेच करा.

८७४१ − १४७८ = ७२६३
७६३२ − २३६७ = ५२६५
६५५२ − २५५६ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता. यावरचा त्यांचा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. पण जगभर नाव झाले ते १९७५ साली, जेव्हा मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले. एका जाणकाराचा एक उल्लेख कित्येक शेकड्यांना भारी पडतो, तो असा.

तिसरे उदाहरण गोव्याचे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे कोसबेनला १९०७ साली जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवत. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीवर अवघ्या चार पानांचा एक लेख लिहिला. दोन जनुके गुणसूत्रावर एकमेकांपासून किती दूर आहेत, हे त्यांच्या अदलाबदलीच्या प्रमाणावरून काढण्याचे सूत्र त्यात आहे. भात असो की गहू, पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणारे संशोधक आजही ‘कोसंबी फलन’ वापरतात. चार पाने आणि ऐंशी वर्षे! आता सांगा, ज्याचा एकच निबंध गाजला तो शास्त्रज्ञ लहान का?

हातात हात

विज्ञान एकट्याने होत नाही. एका निबंधावर दोन नावे असली, तर त्या दोघांमध्ये एक रेघ ओढा. असे करत गेलात की कागदावर जाळे तयार होते. हंगेरीचे गणितज्ञ पॉल एर्डश (१९१३-१९९६) यांनी सुमारे १५०० निबंध लिहिले आणि त्यांचे सहलेखक झाले ५०० हून अधिक! एक पेटी घेऊन ते या गावाहून त्या गावी जात आणि ज्याच्या घरी उतरत त्याच्याबरोबर गणित सोडवत. त्यांच्याबरोबर लिहिलेल्याचा ‘एर्डश क्रमांक’ १, त्या माणसाबरोबर लिहिलेल्याचा २, अशी मोजणी गणितज्ञ गमतीने करतात.

कोल्हापूरच्या काचपट्टीचे जाळेही असेच पसरले. येथे डॉक्टरेट मिळवलेले विद्यार्थी दक्षिण कोरियात सोल आणि ग्वांगजू येथील प्रयोगशाळांत गेले. तेथील यंत्रे आणि येथील हातोटी एकत्र आली आणि दोन्ही देशांच्या नावांनी निबंध निघू लागले. सहकार्याचे माप घेताना हेच पाहायचे असते, की जाळे आपल्याच गल्लीत फिरते आहे की बाहेरही जाते आहे.

पण सहकार्यात श्रेयाची वाटणी अवघड असते. १९५७ साली मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल या चौघांनी ताऱ्यांमध्ये मूलद्रव्ये कशी घडतात यावर प्रसिद्ध निबंध लिहिला. १९८३ च्या नोबेल पारितोषिकात फाउलर यांना वाटा मिळाला, हॉईल यांना नाही. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या एका निबंधावर तर ५१५४ नावे होती. ३३ पानांपैकी २४ पाने नावांचीच! अशा निबंधाचा एक उल्लेख झाला, तर तो कोणाच्या नावावर मांडायचा?

दुधात पाणी

दूध संस्थेतल्या लॅक्टोमीटरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. दुधात पाणी घातले की घनता कमी होते आणि लॅक्टोमीटर जास्त बुडतो. चोरी सापडते. पण आधी साय काढून घेतली, तर घनता वाढते, आणि मग बेताने पाणी घातले की लॅक्टोमीटर बरोबर जागेवर! म्हणून फॅटही पाहावे लागते. एका यंत्राला फसवता येते, दोघांना एकदम फसवणे कठीण जाते.

उल्लेखांचेही तसेच आहे. आकड्यावर बढती मिळू लागली की आकडा वाढवण्याच्या युक्त्या निघतात. कोणी आपल्याच जुन्या निबंधांचे उल्लेख भरतो. चार मित्र ठरवून एकमेकांचे उल्लेख करतात. एका निबंधाचे पाच तुकडे करून पाच ठिकाणी छापतात. आपल्या देशात २०१० पासून महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण मिळू लागले. त्यानंतर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीचा एक भाग तपासला. २०१८ साली त्यांचा अहवाल ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या आणि तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असे त्यांना आढळले. तराजूतच खोट निघाली!

एक थट्टाही सांगतो. कोसंबी अलीगढला असताना, १९३१ च्या सुमारास, त्यांनी ‘बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचा विस्तार’ अशा अर्थाचा निबंध छापला. हा बूर्बाकी कोण? कोणीच नाही! आंद्रे वेल या फ्रेंच मित्राच्या सूचनेवरून त्यांनी या कल्पित गणितज्ञाचा गंभीरपणे उल्लेख केला होता. पुढे वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी हेच टोपणनाव घेऊन गणिताचे मोठमोठे ग्रंथ लिहिले. न जन्मलेल्या माणसाचाही उल्लेख होऊ शकतो, हे ध्यानात ठेवा.

आणि जे कोणत्याच यादीत येत नाही, त्याचे काय? एखाद्या संशोधकाने उसाच्या पाण्याच्या पाळ्यांवर मराठीत लेख लिहिला, तो वाचून दूधगंगेच्या काठच्या शेतकऱ्याने पाणी वाचवले, जमीन खारवण्यापासून वाचली. या कामाचे उल्लेख शून्य! पण जमीन वाचली हे तर खरे आहे.

मग तराजू फेकून द्यायचा काय?

नाही. तराजू नसेल, तर ओळखीच्या माणसालाच नोकरी मिळेल. निदान कागलच्या अनोळखी मुलाचे काम सोलमध्ये कोणीतरी वापरले, हे आकडा दाखवू शकतो. त्या दृष्टीने उल्लेख हा गरिबाचा साक्षीदार आहे. पण साक्षीदाराची उलटतपासणी हवी. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी आणि शास्त्रज्ञांनी एक जाहीरनामा काढला. निबंध कोणत्या नियतकालिकात छापला यावरून माणसाची किंमत करू नका, त्या कामात काय आहे ते पाहा, असा त्याचा आशय आहे. आकडा दार उघडतो, पण आत जाऊन वाचावे लागते.

करून पाहा

तुमच्या शाळेच्या हस्तलिखितातील वीस लेख घ्या. कोणत्या लेखात दुसऱ्या कोणत्या लेखाचा किंवा पुस्तकाचा आधार घेतला आहे, त्याची यादी करा. मग ती उलटी मांडा. कोणाच्या लेखाचा किती जणांनी आधार घेतला ते लिहा आणि एच-निर्देशांक काढा. दोन मुलांनी मिळून लिहिलेल्या लेखांसाठी रेघा ओढून जाळे काढा. शेवटी, ज्याच्या नावापुढे शून्य आले आहे असा एक लेख निवडा आणि तो संपूर्ण वाचा. त्यात काही चांगले सापडले, तर तुमच्या पुढच्या लेखात त्याचा आधार घ्या आणि तसे नावानिशी लिहा. त्याचे शून्य तुम्ही पुसलेले असेल.